हरिचंदाच्या दारातला रांजण

खैरवाडीचा हरिचंद ग्रामपंचायतीचा शिपाई व्हता. शिपाई म्हणलं की तुला खाकी कपडे दिसत्याल, आरोही, पर तसलं काई न्हाई. धोतर, पांढरा सदरा, डोक्याला लाल पटका आन कमरेला चाव्याचा जुडगा. हापिसाची चावी, कपाटाची चावी, पान्याच्या टाकीच्या खोलीची चावी. चालला की छुनछुन वाजायचा. गावातली लेकरं म्हणायची, "आली रे घुंगराची म्हैस!" हा मागं वळून म्हणायचा, "म्हैस दूध तर देती, तुमी काय देता रे?"

राहायला तांड्यात. मधी वढा, अल्याड गाव, पल्याड चढावर तांडा. गावात दोनशे घरं, तांड्यात सत्तर. पंचायत दोघाईची मिळून एकच, आन हापिस गावात. त्या हापिसात हरिचंदानं बावीस वर्सं काढली.

दवंडी द्यायचं काम बी त्याचंच. पर हलगी-बिलगी न्हाई, काशाची थाळी. पहिल्या खेपेला काय झालं, हलगीवाला लेकीच्या गावाला गेलेला. दवंडी तर दिलीच पाहिजे, म्हून ह्यानं तांड्यातून गान्यात वाजवायची काशाची थाळी आनली आन लाकडाच्या दांडीनं वाजवली. लोकाईला तेच आवडलं. तवापासून थाळीच. मारुतीच्या पारापासून सुरू करायचा, सुताराच्या कोपऱ्यावरून वळायचा, किसनरावाच्या वट्ट्याम्होरं थांबायचा, मंग वढा उतरून तांड्यात. बावीस वर्सं हीच वाट. डोळे बांधले असते तरी पाय गेले असते.

किसनरावाच्या वट्ट्याम्होरं एक ठोका जास्त पडायचा. कोणी सांगितला नव्हता, पर पडायचा.

तर हा किसनराव कोण, तर गावातला मोठा शेतकरी, उकंडरावाचा लेक, आन पुढं सरपंच. पर हरिचंदाला तो किसन्याच. दोघं बरोबरीचे. लहानपनी गायरानात ढोरं चारायला संगं. उन्हाळ्यात वढा आटला की रेतीत हातानं उकरून झिरा काढायचे, आन पालथं पडून एकाच झिऱ्याला तोंड लावायचे. उकंडरावाच्या घरात त्या काळी तांड्याच्या लेकराला पानी वरून वतायचे. झिऱ्याला कोण वरून वतनार?

ते झिऱ्याचं पानी किसनराव कंदी इसरला न्हाई. सरपंच झाला, मिशा पिकल्या, तरी तांड्यात आला की हरिचंदाच्या दारात जायचा. दाराच्या डाव्या बाजूला लिंबाच्या सावलीत रांजण. कोणाला हाक न्हाई, काई न्हाई. झाकन सोताच काढायचं, लोटा बुडवायचा, उभ्यानं घटाघटा प्यायचं, मिशा पुसायच्या आन लोटा झाकनावर उपडा घालायचा. हरिचंदाची बायको रुख्मिणीबाई चुलीपुढून वरडायची, "भाऊ, लोटा खुंटीला असतो! झाकनावर ठेवला की कुत्रं तोंड लावतं."

"म्हून तर उपडा घालतो वहिनी."

"उपड्याला काय कुत्रं चाटत न्हाई?"

"चाटलं तर चाटू द्या. वळखीचंच असंल की."

हे भांडन वीस वर्सं चाललं. ना त्यानं लोटा खुंटीला लावला, ना तिनं सांगायचं सोडलं. पाव्हण्याला पानी इचारत्यात, घरच्याला कोण इचारतं? किसनरावाला त्या दारात कंदी कोणी पानी इचारलं न्हाई.

आता तांड्याचं दुखनं सांगते. पंचायतीत नऊ मेंबर. सहा गावचे, तीन तांड्याचे. वढ्यावर पूल बांधा म्हणलं की तीन हात वर. मारुतीम्होरं मंडप बांधा म्हणलं की सहा हात वर. मंडप झाला, मंडपाला फरशी झाली, फरशीला पॉलिश झालं, पूल काई झाला न्हाई. तांड्यात शाळा चवथीपोतरच, पुढची गावात. पावसाळ्यात तांड्याची लेकरं दप्तर डोक्यावर घिऊन वढा उतरायची.

आन पानी. टाकी गावात. गावाला दोन घंटे नळ, तांड्याला अर्धा घंटा, ते बी करंगळीएवढं. टाकीचा वॉल कोण फिरवायचं? हरिचंदच. अर्धा घंटा झाला की त्याच्याच हातानं तांड्याचं पानी बंद. रुख्मिणीबाई नळापाशी बसलेली असायची, हंडा अर्धा भरला की नळ फुस्स. घरी आला की म्हणायची, "सोताच्या हातानं सोताच्या बायकोचा हंडा उना ठेवनारा नवरा म्या तरी दुसरा पाह्यला न्हाई." हरिचंद हासायचा. हासून जेवायला बसायचा. पर घास फिरायचा तोंडात.

नव्व्याण्णव सालच्या मे महिन्यात हिंगोली जिल्हा झाला. त्याच्याआधी आपन समदे परभणीचे. कागदाला परभणी, कोर्टाला परभणी, दिवस मोडून जायचं. जिल्हा झाला तवा किसनरावानं हापिसाम्होरं उभं राहून पेढे वाटले. हरिचंदाच्या हातात परात व्हती. तांड्यात बी त्यानंच पेढे नेले. समदे खूश. परभणीसाठी कोणी रडलं न्हाई.

त्याच पावसाळ्यात शंकरसिंग नायकाची नात पुजा शाळेतून येताना वढ्यात वाहून गेली. शंकरसिंग म्हंजे तांड्याचा नायक, त्याचा शबूद तांड्यात शेवटचा. पोरगी देवाच्या दयेनं पुढं बाभळीला अडकली, काट्यानं अंग सोललं पर जित्ती निघाली. नायकानं तिला घोंगड्यात गुंडाळलं आन तितंच चिखलात बसून म्हणला, "बस झालं. आता आपली पंचायत आपन काढू. येगळं निघू."

हरिचंद तितंच व्हता. पोरीला काढायला वढ्यात उतरलेला, कंबरेपोतर भिजलेला. त्यानं बी मान हालवली. बराबरच व्हतं नायकाचं. पर घरी येऊन वले कपडे पिळताना त्याच्या मनात आलं, येगळं निघालो तर किसन्या कुठं ऱ्हाईल? तेवढंच त्याचं भेव. गाव सुटलं तर सुटू दे, किसन्या सुटू ने.

पंधरा आगष्टला झेंडा झाला आन ग्रामसभा बसली. मारुतीच्या त्या पॉलिशच्या फरशीवर. हरिचंद दारापाशी उभा, चाव्या मुठीत धरून, म्हंजे वाजू ने.

नायक उठला. "आमाला आमची पंचायत पाहिजे."

ग्यानोबा शिंपी म्हून एक व्हता, कपडे कमी शिवायचा आन लोकाईचं बोलनं जास्त कापायचा. तो म्हणला, "काहून हो नायक? सासुरवास झाला का?"

"सासुरवास असता तर माहेर तरी असतं."

किसनराव म्हणला, "नायक, पंचायत झाली तवा तुमच्या बानं सोता अंगठा लावला. म्या लहान व्हतो, पर ध्यानात हाय. माझ्या बानं त्याइला पान खाऊ घातलं व्हतं."

"अंगठा लावला, पाय बांधून न्हाई दिले. सोता होऊन आलो, सोता होऊन जाऊन राहिलो."

"अंगठे दोघाईचे व्हते. एकट्यानं कसं पुसायचं? आमाला नको इचारायला?"

"हिंगोली परभणीतून निघाली तवा परभणीला कोणं इचारलं? तवा तर तुमी पेढे वाटले सरपंच. आता तांडा निघतो म्हणलं की तोंड कडू काहून?"

तांड्याचे समदे हासले. गावातले बी दोघं-चौघं हासले. किसनरावाचं तोंड उतरलं. "हिंगोली काय पळून गेली न्हाई," तो म्हणला. "कागदावर झालं समदं. आन आज तुमी निघाले, उद्या खालची आळी म्हणंल आमी निघतो, परवा सुताराचं घर. मंग मागं ऱ्हातं काय? मारुती आन मी?"

"मारुतीला मंडप हाय," नायक म्हणला, "त्याचं भागंल."

तेवढ्यात हरिचंदाचा लेक दिपक उठला. हिंगोलीला कालेजात, इतिहास घेतलेला. पोरगं हुशार, पर सभेत पहिल्यांदाच बोलून राह्यलं व्हतं. म्हणला, "हे भांडन नवं न्हाई. अमेरिकेत झालेलं हाय. तिथली राज्यं आपल्या मर्जीनं एक झाली व्हती. पुढं दीडएकशे वर्साखाली अकरा राज्यं म्हणाले, मर्जीनं आलो, मर्जीनं जातो, आमचा हक्क हाय."

 अमेरिका खैरवाडीत पहिल्यांदाच आली व्हती.

"आन बाकीचे काय म्हणले?" किसनरावानं इचारलं.

"ते म्हणले, हा देस राज्याईनं न्हाई, समद्या मानसाईनं मिळून बांधला. एका तुकड्याला आपल्या मनानं निघता येत न्हाई."

"मंग?"

"मंग लढाई झाली. चार वर्सं. सहा लाख मानूस गेलं."

ग्यानोबा पुढं सरकला. "ते असू दे लेकरा. जिंकलं कोण?"

दिपकनं खाली पाह्यलं. "राहा म्हणनारे."

"बस मंग खाली! जिंकले की आमचे सरपंच! अमेरिकेतून निकाल आला!"

अशी काई हासली सभा, की पारावरचे कावळे उडाले. दिपकचे कान लाल झाले. तांड्याच्या लोकाईनं मान खाली घातली. हरिचंदानं किसनरावाकडं पाह्यलं. किसनराव बी हासून राहिला व्हता. पोटावर हात ठेवून. हरिचंदाच्या मुठीतल्या चाव्या हाताला रुतल्या, ते त्याला घरी गेल्यावर दिसलं.

घरी नायक आला, चार मानसं आली. रुख्मिणीबाईनं चहा टाकला. दिपक कोपऱ्यात पुस्तक घिऊन बसलेला, कोणाकडं पाहीना. रुख्मिणीबाईनं कप देता देता इचारलं, "ते अकराजन काहून निघाले पर?"

"हक्क व्हता त्याइचा."

"हक्क व्हता, ते ऐकलं म्या. कशापायी निघाले? त्याइच्या लेकराला बी वढा आडवा येत व्हता का?"

दिपकनं पुस्तकात बोट घातलं. मंग म्हणला, "गुलाम ठेवायसाठी. तिकडं काळी मानसं इकत घिऊन शेतात राबवायचे. बाकीचे ते बंद करत्याल, ह्याचं भेव व्हतं त्याइला."

 चुलीवरचा राह्यलेला चहा उतू गेला तरी रुख्मिणीबाई हालली न्हाई.

"मानसं इकत?" नायक म्हणला.

"व्हय. लेकरं बी. माय एकीकडं, लेकरू एकीकडं."

नायकानं कप खाली ठेवला. "मंग त्याइचं नाव आपल्या तोंडी नको पोरा. ते आपल्यासारखे न्हाईत. आपन कोणाला बांधून ठेवायला न्हाई चाललो. आपल्याला हंडाभर पानी पाहिजे."

"हेच सांगायचं व्हतं सभेत," रुख्मिणीबाई म्हणली. "आधी कशापायी ते सांगायचं, मंग हक्काचं. तू शेपटाकडून सुरू केलंस. म्हैस काय शेपटाकडून पानी पेती का?"

तवा कुठं दिपक हासला. पानं उलटून म्हणला, "पर आनखी एक हाय. लढाई झाल्यावर तिथल्या मोठ्या कोर्टानं सांगितलं, एकट्यानं निघता येत न्हाई. बंड केलं तर, न्हाईतर बाकीच्याईनं हो म्हणलं तर."

"संमती," नायक म्हणला.

"व्हय. इथं बी तेच हाय. गावाच्या ग्रामसभेनं हो म्हणलं तर वरचे हापिसं लवकर ऐकत्याल."

समद्याईनं हरिचंदाकडं पाह्यलं.   किसनरावाला संमती कोण मागनार?

हरिचंद आठ दिवस गेला न्हाई. रोज हापिसात भेट व्हायची, चावी, रजिस्टर, टपाल, समदं बोलनं व्हायचं, तेवढंच सोडून. नवव्या दिवशी सकाळी शेतात गेला. किसनराव सोयाबीनमधी कंबरभर उभा व्हता, आळ्या पाहून राह्यला व्हता.

"ये," तो म्हणला. "नायकानं पाठवलं ना?"

"नायकानं न्हाई पाठवलं. मीच आलो."

"बोल."

हरिचंदानं एक शेंग तोडली, बोटानं फोडली. "किसन्या, वीस वर्सं रुख्मिणीचा नळ मी सोताच्या हातानं बंद केला. तू मला कंदी म्हणला न्हाई, हरिचंदा, दहा मिनिटं जास्त सोड."

"तू मागितलं का?"

"न्हाई मागितलं. काहून न्हाई मागितलं सांगू? तू न्हाई म्हणला असता तर मंग मी तुझ्याकडं कसं पाह्यलं असतं? म्हून न्हाई मागितलं. हंडा उना ठेवला, पर तुला मागितलं न्हाई."

किसनराव हातातली आळी चिरडायची इसरला. ती मनगटावर चढली.

"आज मागून राहिलो," हरिचंद म्हणला. "हात वर कर."

"आन खालची आळी निघते म्हणली तर?"

"ज्याचा हंडा भरतो त्यो काहून निघंल रे?"

 वाऱ्यानं सोयाबीन सळसळ करून राह्यलं. मंग किसनराव म्हणला, "नायकाचं सोड. तुला काय पाहिजे?"

"मला दोन्ही पाहिजे. पानी बी आन तू बी."

"कागदावर दोन्ही मावत न्हाई, हरिचंदा."

"कागदावर नकोच तू मला," हरिचंद म्हणला, आन बांधावरून निघून गेला.

गांधी जयंतीला परत सभा बसली. नायक ह्या खेपेला हक्काचं काई बोललाच न्हाई. नातीला पुढं आनलं आन तिच्या दंडावरचे काट्यानं झालेल्या जखमाचे वन दाखवले. म्हणला, "कशापायी, ते हे हाय." बसला खाली. ग्यानोबाच्या तोंडावर काईतरी आलेलं, पर पोरीकडं पाहून त्यानं गिळलं.

किसनरावानं हात वर केला. पहिला हात त्याचा. "लेकरू वाहून जाऊन राहिलं आन मी त्याइला अंगठा दाखवत बसू का? माझी संमती हाय. लिहून घ्या." मंग एक एक करून हात वर झाले. समदे न्हाई, पर पुरे एवढे झाले. हरिचंद दारापाशी व्हता. त्याचा बी हात वर झाला, त्याच हातात चाव्या, त्या वाजल्या. समद्याईनं वळून पाह्यलं. किसनरावानं मात्र न्हाई पाह्यलं.

कागद सेनगावला गेले, हिंगोलीला गेले, मुंबईला गेले, परत आले, परत गेले. दीड-दोन वर्सं लागली. एकदाचा हुकूम आला. तांड्याची येगळी पंचायत, सरपंच शंकरसिंग. त्या रात्री तांड्यात नगारा वाजला, बाया नाचल्या. हरिचंदानं बी थाळी वाजवली. हात दुखोस्तोवर वाजवली.

दुसऱ्या दिशी चाव्या द्यायला गेला. किसनराव हापिसात एकटाच.

"ऱ्हा की इथंच शिपाई. तुला कोण काढून राहिलं?"

"तिकडं हापिसच न्हाई अजून. शाळेच्या पडवीत टेबल मांडलाय. कोणीतरी पाहिजे मांडायला."

"व्हय. पाहिजे तर खरं."

हरिचंदानं जुडगा सोडला. तीन चाव्या टेबलावर ठेवल्या. वढा उतरून घरी आला तवा रुख्मिणीबाई म्हणली, "तुमी आले कवा? काई वाजलंच न्हाई." आन तिला एकदम कळलं आपन काय बोललो. ती उठली आन उगंच भाकरीचं पीठ मळाय लागली, दुपारच्या तीनला.

मंग तांड्याची पहिली ग्रामसभा ठरली. नायकानं सांगितलं, "हरिचंद, दवंडी दे. उद्या दहा वाजता, शाळेपुढं." हरिचंदानं थाळी घेतली, पटका बांधला आन निघाला. आता ऐक काय झालं ते. तांड्याची दवंडी म्हंजे सत्तर घरं, एक गल्ली, चिलीम इझायच्या आत व्हनारं काम. पर बावीस वर्साचे पाय. ते वढ्याकडं वळले. वढा वलांडला, मारुतीच्या पारापाशी गेले. हरिचंदानं थाळी वर धरली आन दिली दवंडी, "ऐका हो ऐका! उद्या सकाळी दहा वाजता तांड्याच्या शाळेपुढं ग्रामसभा हाय हो! समद्याईनं यायचं हो!" सुताराच्या कोपऱ्यावरून वळला. किसनरावाच्या वट्ट्याम्होरं थांबला. एक ठोका जास्त दिला.

किसनरावाची बायको सुमनबाई सुपात तूर पाखडत बसली व्हती. ती म्हणली, "कशाची सभा भाऊ? आपली तर मागच्या आठवड्यात झाली."

हरिचंदाचा हात थाळीवरच थांबला. वट्टा पाह्यला, सुमनबाई पाह्यली, हातातली थाळी पाह्यली. "चुकलो वहिनी," म्हणला. आन थाळी काखंत घालून तसाच वढ्याकडं गेला, भराभरा, कोणी हाक मारंल ह्या भेवानं.

तांड्यात त्यानं कोणाला सांगितलं न्हाई.

दुसऱ्या दिशी दहा वाजता तांड्याची मानसं शाळेपुढं बसली. नायक खुर्चीवर, दिपक लिहायला. आन वढ्यातून मानसं वर येऊ लागली. म्होरं किसनराव, धुतलेला सदरा घालून. मागं ग्यानोबा, सुतार, खालची आळी, चाळीस-पन्नास मानूस.

तांड्याची पोरं उभी राह्यली. "हे काहून आले? मोडायला आले का?"

"आमाला दवंडी आली," ग्यानोबा म्हणला. "समद्याईनं यायचं म्हणला तुमचा शिपाई. आमाला वाटलं, मन न्हाई लागून राह्यलं तुमचं. परत येऊन राहिले का काय?"

नायकानं हरिचंदाकडं पाह्यलं. हरिचंद घामानं भिजलेला. "पाय गेले नायक," एवढंच म्हणला. "माझे पाय गेले."

पोरं चिडली व्हती. एक म्हणला, असला शिपाई काय कामाचा, ज्याला आपलं गाव कोणतं तेच कळंना. दिपक बापाच्या म्होरं येऊन उभा राह्यला. नायकानं हात वर करून समद्याईला गप केलं. लई शहाना मानूस. तो खुर्चीवरून उठला आन म्हणला, "आले ते आपले पाव्हणे. तांड्यात आलेला पाव्हणा उभा ऱ्हात न्हाई. सतरंजी टाका. हरिचंद, पाव्हण्याला पानी दे."

समदं बराबर बोलला नायक. एक बी शबूद वाकडा न्हाई.

हरिचंद घरातून तांब्या-पेला घिऊन आला. घासून लख्ख केलेला तांब्या, रुख्मिणीबाईनं ताटलीत ठेवून दिलेला. सतरंजीवर पहिला किसनराव बसलेला. हरिचंद त्याच्याम्होरं वाकला. "घ्या, पानी."

किसनरावानं तांब्याकडं पाह्यलं. मंग हरिचंदाकडं. बावन्न-त्रेपन्न वर्सांत पहिल्यांदा ह्या मानसानं त्याला पानी इचारलं व्हतं. त्यानं पेला घेतला, दोन घोट घेतले, ताटलीत नीट सुलटा ठेवला. पाव्हण्यानं ठेवावा तसा.

सभा चांगली झाली. पुलाचं ठरलं, हिरीचं ठरलं. गावचे लोक गप ऐकत बसले. ग्यानोबानं एकदाच तोंड उघडलं, "पूल बांधला की आमी बी वापरू का, का पासपोर्ट लागंल?" तवा तांडा-गाव दोन्ही हासले.

उठताना किसनराव हरिचंदाच्या घराकडूनच वळला. लिंबाखाली रांजण. त्याचा हात झाकनाकडं गेला. हरिचंद चार पावलं मागं उभा. पोरं पाहून राह्यली व्हती, नायक पाहून राहिला व्हता. किसनरावानं हात मागं घेतला आन मिशा पुसल्या, कोरड्याच.

"येतो मंग," म्हणला.

हरिचंदाच्या जिभंवर व्हतं, पी की रे किसन्या. पर तोंडातून निघालं, "या हो किसनराव. येत जा."

"बोलावलं की येईन," किसनराव म्हणला, आन वढ्यात उतरला.

मंग काय, तांड्याचं चांगलं झालं. खोटं काहून बोलू? पूल झाला, हिरीला पानी लागलं, दोन हजार चारला घरोघर नळ आले. रुख्मिणीबाईचा हंडा आता दारातच भरायचा, वरून वाहायचा इतकं पानी. वॉल हरिचंदच फिरवायचा, आन आता बंद करताना त्याला कोणी काई म्हणायचं न्हाई. येगळं निघालो ते चुकलं, असं तो कंदीच म्हणला न्हाई. कोणी इचारलं तर म्हणायचा, बराबर झालं. पर दवंडी देताना तांड्याच्या टोकाला गेला की पुलापाशी थांबायचा, गावाकडं तोंड करून उभा ऱ्हायचा, आन एक ठोका द्यायचा. एकच. मंग माघारी फिरायचा.

गोरेगावच्या बाजारात दोघं भेटायचे. राम राम, पाऊस कसा काय, तुरीला भाव काय. जीपमधी शेजारी बसायचे. भांडन न्हाई, काई न्हाई. त्याच्यातच जास्त तकलीफ व्हती. भांडन असतं तर मिटवता तरी आलं असतं.

रुख्मिणीबाई म्हणायची, "नळ आलाय, तो रांजण काढा तितून. पानी साचून जंतू व्हत्यात, लेकराईला शाळेत शिकवलंय."

"असू दे."

"कोण पितं त्याचं?"

"असू दे म्हणलं ना."

रोज सकाळी उठून जुनं पानी लिंबाला वतायचा, रांजण घासायचा, ताजं भरायचा. लोटा खुंटीला लावायचा. तीन वर्सं केलं असं. रुख्मिणीबाईनं बोलायचं सोडून दिलं.

एकदा तुरी सोंगायच्या दिसात समदं घर शेतात गेलं व्हतं. दुपारी हरिचंद इळा न्यायला घरी आला. तांड्यात चिटपाखरू न्हाई. दारात आला आन थांबला. खुंटीला लोटा न्हाई. रांजणाच्या झाकनावर लोटा, उपडा. त्याच्या काठाखाली झाकन अजून वलं व्हतं.

हरिचंद पुलापोतर पळत गेला. पुलावर कोणीच न्हाई. पल्याड गावाच्या वाटंवर धूळ व्हती, ती बैलगाडीची असंल न्हाईतर वाऱ्याची.

तो माघारी आला. रुख्मिणीबाई भाकरीचं टोपलं घ्यायला त्याच्या मागूनच आली व्हती. तिनं लोटा पाह्यला. नवऱ्याचं तोंड पाह्यलं. मंग कंबरेवर हात ठेवून, वढ्यापल्याड ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वरडली,

"भाऊ, लोटा खुंटीला असतो! झाकनावर न्हाई!"